गुरुवारची ड्यूटी

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना मोडीकाका म्हणायचे. हे नाव मी ठेवलेलं नाही, मी येण्याआधीच पडलेलं होतं. पण मी ते अगदी आनंदाने वापरलं, हे आधीच कबूल करते. मोडी वाचणारा माणूस आता शोधून सापडत नाही, तशीच काकांची कोबोल ही भाषा. कॉम्प्युटरची जुनी भाषा, आणि अख्ख्या इमारतीत ती येणारा माणूस एकच उरलेला. त्यात साहेबांना हे सगळं जुनं मोडीत काढायचं होतं, म्हणजे नाव दोन्ही अंगांनी चपखल बसलं. ऑफिसातल्या पोरांनी एवढं डोकं कामात चालवलं असतं तर मला तिथे बोलवायची वेळच आली नसती.

मला बोलावलं होतं ते काकांचं काम काढून घ्यायला. ते शहराच्या बससेवेचं ऑफिस. अकराशे ड्रायव्हर आणि कंडक्टर. उद्या कोणाला कुठली बस, कुठला रस्ता, किती वाजता, याचा ड्यूटीचा तक्ता रोज दुपारी छापून डेपोंना जायचा. तो तक्ता सव्वीस वर्षं एकच प्रोग्राम काढत होता आणि तो प्रोग्राम काकांनी एकट्याने लिहिलेला होता. तोच मी जावा या नव्या भाषेत पुन्हा लिहायचा, मग जुनं मशीन बंद करायचं, असा दोन वर्षांचा करार. पहिल्या दिवशी साहेबांनी आमची ओळख करून दिली तेव्हा काकांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला वाटलं, म्हातारा मस्का मारतोय. तसे ते म्हातारे नव्हते, बावन्नचे होते. पण मी चौतिशीची आणि तोंडाची तिखट, मला चाळिशीच्या पुढचं सगळं जग एकाच वयाचं वाटायचं.

अंगाने बारीक, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि काखेत कायम एक तपकिरी पुठ्ठ्याची लांबट वही. चालायचे भिंतीच्या कडेकडेने, जणू मधली वाट दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे. माझ्या टेबलाला दार नव्हतं, नुसता कमरेएवढा आडोसा होता, त्याच्यावर ते बोटाने टकटक करायचे.

त्यांचा प्रोग्राम मात्र मी वाचत गेले तसतशी जरा गप्प झाले. कोबोलमध्ये सातव्या रकान्यात चांदणी टाकली की ती ओळ मशीन वाचत नाही. ती फक्त माणसासाठी असते. आम्ही त्याला कॉमेंट म्हणतो आणि सहसा टाळतो. काकांनी शेकड्यांनी लिहिल्या होत्या. जुन्या मशीनला देवनागरी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पण मराठी. ‘यांची नजर संध्याकाळी कमी होते, घाटाचा रस्ता देऊ नये.’ ‘या बाईंचं मूल लहान आहे, पहाटेची पाळी शाळा सुरू होईपर्यंत नको.’ ‘हे दोघे सख्खे भाऊ, बोलत नाहीत, एका बसवर टाकू नये.’ आणि अगदी सुरुवातीला, सगळ्यांच्या वर: ‘एकाच माणसावर लागोपाठ दोन दिवस भार टाकू नये. माणूस थकतो.’

मी ते वाचून हसले. माणूस थकतो हे मशीनला सांगायला गेलेत, म्हटलं.

मी रुजू होऊन महिना झाला आणि परिपत्रक निघालं. जुन्या मशीनवरच्या कर्मचाऱ्यांनी एक, फक्त एक, नवं तंत्रज्ञान निवडावं. कोर्स कंपनी देईल. सहा महिन्यांनी परीक्षा, पास झालात आणि त्यात काम असलं तर नव्या विभागात जागा, नाहीतर सेवा समाप्त. फॉर्म भरायला दहा आठवडे. जुन्या मशीनवर काकांखेरीज नुसती छपाई बघणारी दोघं होती. त्यांतली एक बाई तशीही नोकरी सोडून मुलीकडे निघाली होती, आणि दुसऱ्याने त्याच दुपारी डोळे मिटून पहिलं नाव लिहून फॉर्म दिला. राहिले काका. सव्वीस वर्षांची नोकरी एका रकान्यावर येऊन ठेपली होती.

त्या गुरुवारी सव्वातीनला आडोशावर टकटक झाली. आमच्याकडे तीनला चहा येतो. सव्वातीनला चहा पिऊन झालेला असतो आणि कामाला हात लागलेला नसतो. ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

“मॅडम, दोन मिनिटं आहेत?” काका म्हणाले. “एक विचारायचं होतं. कुठलं शिकावं म्हणता?”

मला सल्ला द्यायला आवडतो. फुकटचा तर जास्तच. मी कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्यांना अर्धा तास जावा समजावली. इथे पुढची दहा वर्षं जावाच चालणार, तुमचाच तक्ता जावामध्ये येतोय, त्यातले नियम तुमच्याइतके कोणाला माहीत आहेत, डोळे झाकून जावा घ्या. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, “फार उपकार झाले” म्हणाले आणि गेले. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पुढच्या गुरुवारी सव्वातीनला परत टकटक.

“भाचा म्हणतो, मामा, पायथन घ्या. सगळं जग पायथनकडे चाललंय.”

“जग कुठे का जाईना,” मी म्हटलं. “तुम्हाला या इमारतीत राहायचंय ना?” आणि पुन्हा वीस मिनिटं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बातमी अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या उंच मुलाच्या मते जावास्क्रिप्टशिवाय हल्ली पान हलत नाही. मी म्हटलं, त्या उंटाला दुसरं काही येतच नाही, तो आणखी काय सांगणार? काका हसले. हसताना तोंडावर हात धरायचे. मग लिफ्टमनने सांगितलं, मोबाइलचं काहीतरी शिका, लिफ्टमध्ये येणारा प्रत्येक जण मोबाइलमध्येच मान घालून असतो. त्यात तसं तथ्य होतं, पण मला रागच आला. मी रीतसर शिकलेली, बारा वर्षं घासलेली, आणि माझं मत न् लिफ्टमनचं मत एकाच वहीत शेजारी शेजारी.

“काका, आता गेटवरचा वॉचमन तेवढा विचारायचा राहिलाय,” मी म्हटलं.

“त्यांना मंगळवारी विचारलं,” काका गंभीरपणे म्हणाले.

खरं सांगायचं तर सगळं ऑफिसच या कामाला लागलं होतं. लोकांना दोन गोष्टींवर हमखास मत असतं, दुसऱ्याची तब्येत आणि दुसऱ्याची नोकरी. कँटीनमध्ये काका ताट घेऊन आले की कोणीतरी हाक मारायचंच, “या मोडीकाका, ठरलं का?” की लगेच खुर्ची सरकवली जायची, वाद पेटायचा, एक म्हणायचा हे, दुसरा म्हणायचा ते, आणि मधोमध काका, जेवण निवत चाललंय, एकेकाकडे मान वळवून ऐकताहेत. परिपत्रक निघण्याआधी ते खांबामागच्या टेबलावर एकटेच जेवायचे, असं कँटीनच्या मावशी एकदा बोलता बोलता म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

सात आठवडे झाले, फॉर्म कोराच. दरम्यान एका रविवारी मला ऑफिसला यावं लागलं आणि छपाईच्या खोलीची किल्ली काकांकडे राहिलेली. त्यांना ताप होता. मीच जाऊन आणते म्हटलं.

एका इस्त्रीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. जिन्यात गरम कापडाचा वास. इस्त्रीवाल्याने मला वर जाताना बघितलं आणि विचारलं, “ऑफिसातून आलात? ठरलं का हो त्यांचं कुठली भाषा ते? मी म्हटलं, जी पोटाला घालेल ती घ्या.” मी कपाळावर हात मारला. हा माणूस इस्त्रीवाल्यालाही विचारून बसला होता.

खोली स्वच्छ होती, नको इतकी. कॉट, टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीला लागून वह्यांची ओळ, एक ते आठ असे आकडे घातलेल्या. नववी टेबलावर. नको नको म्हणत असताना काकांनी तापातच चहा ठेवला. फळीवर सहा कप होते. मी मदत करायला म्हणून कप उचलले तर पाच कपांच्या बुडाला दुकानातलं लेबल अजून तसंच चिकटलेलं. मी एक लेबल नखाने काढायला लागले, तर काका म्हणाले, “राहू द्या मॅडम, निघत नाही ते. बरीच वर्षं झाली.”

बरोबर अकराला फोन वाजला. भाचा. काकांनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

“मामा, ठरलं का? अजून नाही? अहो, किती घोळ घालाल! बरं, ऐका, मी आणखी एकाला विचारलंय...” तो दहा मिनिटं बोलला. पायथनच घ्या म्हणाला, मग पायथनच कशाला, असंही म्हणाला. शेवटी, “चला, पुढच्या रविवारी बोलू.”

फोन ठेवून काका म्हणाले, “पूर्वी वर्षातून दोनदा यायचा. आता दर रविवारी येतो.”

मी चहा संपवला, किल्ली घेतली आणि निघाले. जाता जाता बजावलं, “काका, तीन आठवडे राहिलेत. हा धरसोडपणा बरा नव्हे. एक काय ते ठरवा आणि मोकळे व्हा.”

“हो, मोकळं व्हायलाच हवं,” ते म्हणाले.

एवढं समोर मांडून ठेवलेलं मला दिसलं नाही. प्रोग्राममधली एका स्वल्पविरामाची चूक मला दहा हजार ओळींत सापडते. मीही भाड्याच्या खोलीत एकटीच राहत होते, घरी गेल्यावर सकाळपर्यंत माझ्याही तोंडातून शब्द निघायचा नाही, तरी कळलं नाही. मला माणसं नकोच असतात, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. हेडफोनमध्ये पुष्कळदा काही वाजत नसायचं, ते नुसतेच कानाला असायचे.

फॉर्मची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. आदल्या दिवशीचा गुरुवार माझ्यासाठी सकाळपासून वाईट गेला. नवा तक्ता तिसऱ्यांदा चुकीचा आला. साहेबांनी चारचौघांत विचारलं, की कोबोलवाला एकटा माणूस जे करत होता ते तुम्हाला एवढं जड का जातंय? चहा मी घेतलाच नाही. स्क्रीनवर लाल ओळी, माझं डोकं भणभणलेलं, आणि सव्वातीनला टकटक.

मी वळले नाही. परत टकटक झाली.

“मॅडम, दोन मिनिटं...”

मी हेडफोन न काढताच हात लांब केला आणि पॅसेजकडे बोट दाखवलं. “काका, प्लीज. गो!”

काकांनी विचारलं, “गो?”

“हो, गो! गो!”

आता हे समजावून सांगायला हवं. गो नावाची एक भाषा आहे. कॉम्प्युटरचीच. चांगली भाषा आहे, नवी आहे, पण आमच्या ऑफिसात तिच्यातली एक ओळही कोणी लिहिलेली नव्हती. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात गो म्हटलं की माणूस चालू लागला असता. काकांनी पेनाचं टोपण काढलं, वहीत दोन अक्षरं लिहिली, म्हणाले, “बरं. आभारी आहे,” आणि भिंतीच्या कडेने निघून गेले. मी म्हटलं, सुटले.

शुक्रवारी संध्याकाळी कँटीनमध्ये एचआरच्या बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. “तुमच्या मोडीकाकांनी भरला हो शेवटी फॉर्म. गो लिहिलंय. मी म्हटलं, हे कोणी सुचवलं? तर म्हणाले, मॅडमनी सांगितलं.”

मी इतकी हसले की चहा नाकात गेला. मग हसता हसता थांबले.

“आपल्याकडे त्यात काही काम आहे का?” बाईंनी विचारलं. “फॉर्म सोमवारी दुपारी वर जातात. तोवर बदलता येईल. मी त्यांनाही सांगितलंय तसं.”

“मला काही कल्पना नाही,” मी म्हटलं.

मला पूर्ण कल्पना होती. सांगायचं तर बाईंना सांगावं लागलं असतं, की मी काही सुचवलेलं नाही, मी त्या माणसाला हाकलत होते. काकांच्या तोंडावरही तेच सांगावं लागलं असतं. ती लाज मला नको होती. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी पॅसेजमध्ये ते समोरून आले, जरा थबकले, माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मी मोबाइलमध्ये बघत पुढे गेले. मनाला बजावलं, भाषा चांगली आहे, शिकले तर काही वाया जात नाही, आणि बावन्न वर्षांच्या माणसाला स्वतःचं बरंवाईट कळायला हवं. दुपारी फॉर्म वर गेले.

त्यानंतर काका कोणाकडे आले नाहीत. विचारायला काही उरलंच नव्हतं. कँटीनमध्ये आठवडाभर त्यांची ‘गो’वरून थट्टा झाली, मग पोरांना दुसरा विषय मिळाला. काका परत खांबामागच्या टेबलावर. समोर पुस्तक उभं धरून जेवायचे, एका हाताने पान उलटायचे. गुरुवारी सव्वातीनला माझी मान आपोआप आडोशाकडे वळायची. कोणी त्रास देत नव्हतं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ती दुपार खायला उठायची.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. शंभरात एक्क्याऐंशी. निकालाच्या कागदापुढे ते बराच वेळ उभे होते. त्याच महिन्यात माझा तक्ता सुरू झाला, जुनं मशीन बंद झालं, आणि नव्या विभागातल्या जागांची यादी लागली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. साहेब वाईट नाहीत, त्यांनी काकांना खुर्चीत बसवून नीट सांगितलं, की पास झालात ही कौतुकाची गोष्ट आहे, पण गोमध्ये आपल्याकडे काम नाही, निघालं की कळवू. असं कळवणं कधी येत नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटच्या दिवशी काकांनी नऊ वह्या सुतळीने बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “पुढच्या माणसाला लागतील,” म्हणाले. तो पुढचा माणूस मीच, हे मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मी “काळजी घ्या, काका” एवढंच म्हणू शकले. ते गेल्यावर मी वह्या खालच्या खणात ढकलल्या. खण पुरता लागेना, पायाने लावला.

तीन आठवडे त्या तिथेच होत्या. मग एका गुरुवारी जेवणानंतर डेपोतून फोन आला. एक बस निघतच नाहीये. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलाय, कंडक्टर खाली उभा आहे, दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत, आणि प्रवासी शिव्या घालताहेत. मी नंबर बघितले आणि माझ्या लक्षात आलं. ते दोघे भाऊ. नियमपुस्तकात नसलेले अपवाद काढून टाका, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि मी ते आनंदाने काढले होते. सव्वीस वर्षांत कधी एका बसवर न आलेली माणसं माझ्या तक्त्याने एकत्र आणली होती. डेपोला कंडक्टर बदलायला सांगितलं आणि त्या भावांचं काय प्रकरण आहे ते बघायला खण उघडला.

चौथ्या वहीत सापडलं. ‘आईच्या आजारपणात बिनसलं. दोघेही माणसं चांगली. वर्षातून एकदा विचारून बघावं, मिटलं का.’ खाली तारखा होत्या, दर वर्षाची एक, आणि प्रत्येकीपुढे ‘नाही’. म्हणजे हा माणूस दर वर्षी डेपोत जाऊन विचारून येत होता.

मग मी नववी वही उघडली. ती तंत्रज्ञानांच्या तुलनेची असणार, अशी माझी खात्री होती. कुठली भाषा सोपी, कुठलीला मागणी, असं काहीतरी. आत ड्यूटीचा तक्ता होता. अकराशे माणसांचा नव्हे, सातांचाच. डावीकडे वार, मग वेळ, मग माणूस, त्याचं म्हणणं, आणि शेरा. सोमवार, कँटीनच्या मावशी. मंगळवार, वॉचमन, ‘पाळी बदलायच्या आधी गाठावं’. बुधवार, उंच मुलगा. शुक्रवारी लिफ्टमन, शनिवारी इस्त्रीवाले, रविवारी अकराला भाचा. आणि गुरुवार, सव्वातीन, मॅडम: ‘चिडतात, पण पूर्ण उत्तर देतात. कानातलं काढून ठेवतात.’

तक्त्याच्या डोक्यावर, चांदणी घालून, तोच नियम लिहिलेला होता: ‘एकाच माणसावर लागोपाठ दोन दिवस भार टाकू नये. माणूस थकतो.’

पहिल्याच पानावर, मी जावा समजावली त्या गुरुवारच्या तारखेखाली, एक ओळ होती. ‘निवड: जावा. मॅडमचं बरोबर आहे. फॉर्म शेवटच्या दिवशी भरावा, तोवर विचारत राहावं.’ त्यांचं पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. पुढचे सगळे आठवडे तो प्रश्न त्यांनी जपून वापरला होता, कारण त्या एका प्रश्नासाठी माणसं त्यांच्याशी बोलत होती.

मी पानं उलटत शेवटच्या गुरुवारपर्यंत आले. तिथेही चांदणी होती.

‘* मॅडम गो म्हणाल्या. बहुतेक जा म्हणाल्या असाव्यात. भाषाच धरतो. नाहीतर गुरुवार गेला.’

‘शुक्रवार. गो भरलं. सोमवार दुपारपर्यंत बदलता येतं, बाई म्हणाल्या. मॅडमच्या कानावर गेलं की येतीलच ओरडायला, गो कशाला भरलंत म्हणून. मग जावा करू.’

‘सोमवार. आल्या नाहीत.’

त्यापुढे रकाने आखलेले होते, महिन्यांमागून महिने, पट्टी धरून, सरळ. वार लिहिलेले, वेळा लिहिलेल्या, माणसाच्या रकान्यात काही नाही.

मी तिथेच बसून रडले. ऑफिसात, भरदिवसा. उंच मुलगा आडोशापाशी येऊन काय झालं म्हणून विचारायला लागला, त्याला मी नेहमीच्या सवयीने ‘जा’ म्हणणार होते, पण बस म्हटलं. तो जरा वेळ बसला आणि गेला.

चहा येऊन गेला होता. मी काकांचा नंबर लावला. पुष्कळ वेळ वाजला, ठेवणार एवढ्यात उचलला.

“कोण?”

“काका, मी. गुरुवारवाली.”

पलीकडे खालच्या दुकानात इस्त्री आपटल्याचं ऐकू आलं.

“काका, त्या दिवशी मी तुम्हाला हाकललं होतं. भाषेचं काही सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही ते भरलंत हे मला दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. सोमवारपर्यंत मी येऊ शकले असते. आले नाही. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली.”

“वही वाचलीत वाटतं,” काका म्हणाले.

“हो.”

“नववी?”

“हो.”

मी म्हटलं, आता काहीतरी बोलतील, बोलू देत, चार शिव्या घातल्या तरी ऐकून घ्यायच्या. मी गळ्यातले हेडफोन काढले, खणात टाकले.

“सव्वातीन वाजले असतील ना तिकडे?” काका म्हणाले.

“वाजलेत.”

“मग मॅडम,” ते म्हणाले, “आता कुठलं शिकावं म्हणता?”

उत्तर मला माहीत होतं. एका वाक्याचं होतं. मी खुर्ची पुढे ओढून घेतली.

“अवघड आहे हो काका,” मी म्हटलं. “हे काही एका दिवसात व्हायचं काम नाही. आज थोडं बोलू, बाकीचं पुढच्या गुरुवारी सांगते.”

“थांबा,” काका म्हणाले. “लिहून घेतो.”